छंदापायी फ्लाइंग क्लबात गेले आणि देशाला विमानसेवा मिळाली: जेआरडी टाटांची जुहूपासूनची गोष्ट

रिमोटवर उडणारं विमान विकत घेणं आता फार अवघड राहिलेलं नाही. अवघड प्रश्न त्यानंतर सुरू होतात. ते उडवायचं कुठे? आणि शिकवणार कोण? ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या दाटीवाटीच्या शहरांत राहणाऱ्या हौशी मंडळींना हे प्रश्न हमखास पडतात. मग कुणीतरी सांगतं, आधी एखाद्या क्लबात जा, एकट्याने उडवायला जाऊ नकोस.

साधारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईत खऱ्याखुऱ्या विमानांबाबतही हेच दोन प्रश्न होते. त्यांचं उत्तर १९२८ मध्ये जुहूला मिळालं आणि त्या उत्तराचा सर्वात मोठा फायदा करून घेतला तो २४ वर्षांच्या एका तरुणाने. त्याचं नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जेआरडी.

जेआरडींना उद्योगपती म्हणून सगळे ओळखतात. पण त्यांच्या आयुष्यातलं सर्वात लाडकं काम एका हौशी क्लबाच्या मैदानावर सुरू झालं होतं, हे अनेकांना ठाऊक नसतं.

समुद्रकिनाऱ्यावर उतरणारं विमान

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांच्या नात्यातले आणि व्यवसायातले सहकारी. आई सुझान ब्रिएर फ्रेंच होती. लग्नानंतर तिचं नाव सूनी झालं. त्यामुळे मुलांचं लहानपण कधी फ्रान्समध्ये, कधी मुंबईत असं विभागून गेलं.

उत्तर फ्रान्समध्ये समुद्रकाठी आर्देलो नावाचं गाव आहे. टाटा कुटुंब सुट्टीत तिथे जात असे. तिथेच शेजारी घर होतं लुई ब्लेरिओ यांचं. हे तेच ब्लेरिओ, ज्यांनी २५ जुलै १९०९ रोजी विमानातून पहिल्यांदा इंग्लिश खाडी ओलांडली. त्यांची विमानं अधूनमधून आर्देलोच्या वाळूवर उतरत. लहानग्या जहांगीरने ती जवळून पाहिली आणि त्याच्या डोक्यात विमान कायमचं शिरलं. पंधराव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर त्याला विमानातून एक छोटी फेरी मारायला मिळाली. आपण वैमानिक व्हायचं, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं.

पुढची काही वर्षं मात्र खडतर गेली. १९२३ मध्ये आई क्षयाने गेली. फ्रेंच नागरिक असल्याने जेआरडींना फ्रान्सच्या लष्करात वर्षभर सक्तीची नोकरी करावी लागली. इंग्लंडमध्ये केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायची इच्छा होती, पण १९२५ मध्ये वडिलांनी त्यांना मुंबईला बोलावून घेतलं आणि टाटांच्या कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून बसवलं. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. बावीस वर्षांच्या जेआरडींच्या खांद्यावर धाकट्या भावंडांची जबाबदारी आली. विमानाचं स्वप्न मागे पडलं.

जुहूला क्लब निघाला

त्या काळी भारतात सामान्य माणसाने विमान शिकायचं म्हटलं तर सोयच नव्हती. भारतीयांनी विमान चालवलंच नव्हतं असं नाही. हरदित सिंग मलिक आणि इंद्रलाल रॉय हे दोघे पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमधून लढले होते. पण ते इंग्लंडमध्ये शिकले आणि लष्करासाठी उडाले.

१९२७ मध्ये एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा ही संस्था उभी राहिली. तिच्या छत्राखाली मोठ्या शहरांत फ्लाइंग क्लब निघू लागले. मुंबईचा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. जागा मिळाली जुहूला. आजच्यासारखी इमारतींची गर्दी तिथे नव्हती. समुद्रालगतची सपाट, ओलसर जमीन होती. हिवाळ्या-उन्हाळ्यात ती वाळून कडक व्हायची आणि तिच्यावर छोटी विमानं उतरू शकायची. तीच धावपट्टी.

ही बातमी कळताच जेआरडींनी क्लब गाठला.

दोन बैठकींचं विमान

अशा क्लबांत शिकवायला असायची डी हॅविलँड कंपनीची मॉथ विमानं. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, एकावर एक दोन पंख आणि एक छोटं इंजिन. पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचं. आतमध्ये एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी. दोघांसमोरही विमान चालवायची दांडी आणि पायाखाली पॅडल असायची. दोन्हीकडची यंत्रणा आतून जोडलेली. विद्यार्थी चुकला की शिक्षक त्याच क्षणी विमान सावरायचा.

मॉडेल विमानांच्या क्लबात आजही हीच पद्धत वापरतात. तिथे त्याला बडी बॉक्स म्हणतात. शिक्षकाच्या हातात एक रिमोट, विद्यार्थ्याच्या हातात दुसरा आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले. शिक्षकाने एक बटण दाबून धरलं की विमान विद्यार्थ्याच्या हातात जातं. बटण सोडलं की पुन्हा शिक्षकाच्या हातात. जमिनीवर उभं राहून उडवताना एक वेगळीच अडचण येते. विमान दूर जात असताना उजवी दांडी म्हणजे आपलीही उजवी बाजू. पण तेच विमान आपल्याकडे येऊ लागलं की उजवं-डावं उलटं दिसतं. बरेच नवशिके इथेच गोंधळतात आणि विमान आपटतात. क्लब हवा तो यासाठी. चूक तर होणारच, पण शेजारी उभा असलेला जाणकार ती सावरून घेतो.

जेआरडींनी ही शिकवणी फारच लवकर पुरी केली. शिक्षकासोबतच्या उड्डाणांचे चार तासही भरले नव्हते, तेव्हाच त्यांना एकट्याने विमान घेऊन जायची परवानगी मिळाली. आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हाती पायलटचा परवाना पडला. त्यावर क्रमांक होता १. भारतात दिलेला तो पहिला परवाना.

सोशल मीडियावर बऱ्याचदा जेआरडींना भारताचे पहिले वैमानिक म्हटलं जातं. ते बरोबर नाही. त्यांच्याआधी उडालेले भारतीय होते. भारतात परवाना मिळवणारे ते पहिले, एवढंच नेमकं सांगता येतं.

शर्यत हरली, मित्र मिळाला

क्लबात गेल्यावर आपल्यासारखेच आणखी वेडे भेटतात. आगाखानांनी नोव्हेंबर १९२९ मध्ये एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर एका महिन्याच्या आत एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड मिळणार होते.

तिघे मैदानात उतरले. मनमोहन सिंग आणि अस्पी इंजिनिअर हे दोघे इंग्लंडहून भारताकडे निघाले. अस्पी तर जेमतेम सतरा वर्षांचे होते. जेआरडी ३ मे १९३० रोजी कराचीहून उलट दिशेने, इंग्लंडकडे निघाले. जिप्सी मॉथ हे त्यांचं विमान. सोबत रेडिओ नाही. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी जमीन, एवढ्याच भरवशावर हजारो किलोमीटर जायचं होतं.

वाटेत इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरला जेआरडी उतरले. पाहतात तो अस्पी तिथे अडकून पडलेले. त्यांच्या इंजिनचे स्पार्क प्लग खराब झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. जेआरडी स्पर्धक होते. काही न बोलता पुढे निघून गेले असते तरी नियमांत बसलं असतं. पण त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग अस्पींना दिले आणि मग दोघे आपापल्या दिशेने निघाले.

अस्पी जेआरडींच्या काही तास आधी पोहोचले आणि बक्षीस त्यांना मिळालं. मनमोहन सिंगांनीही प्रवास पुरा केला, पण एका महिन्याची मुदत ओलांडली.

हेच अस्पी इंजिनिअर पुढे हवाई दलात गेले आणि १९६० ते १९६४ या काळात भारताचे हवाई दल प्रमुख झाले. जेआरडींनी ५०० पौंड गमावले आणि आयुष्यभराचा एक मित्र मिळवला.

दोन विमानं आणि झावळ्यांची शेड

इथवर विमान हा जेआरडींचा छंद होता. त्याला धंद्याचं रूप दिलं नेव्हिल व्हिन्सेंट या माणसाने. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेले व्हिन्सेंट १९२९ मध्ये भारतात आले होते. लोकांना विमानातून फेऱ्या मारून आणणं हा त्यांचा व्यवसाय. फिरता फिरता त्यांना एक गोष्ट दिसली. लंडनहून येणारी हवाई टपाल कराचीपर्यंत वेगात यायची आणि तिथून पुढे रेल्वेने रखडत जायची. कराचीहून मुंबई आणि मद्रासपर्यंत विमानाने टपाल नेली तर?

त्यांनी ही कल्पना टाटांपुढे मांडली. तेव्हाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा फारसे उत्सुक नव्हते. पण जेआरडी आणि त्यांचे मार्गदर्शक जॉन पीटरसन यांनी त्यांचं मन वळवलं. गुंतवणूक होती दोन लाख रुपये. सरकारने मात्र दाद दिली नाही. मागितलेलं अनुदान नाकारलं. बोलणी वर्षानुवर्षं लांबली. शेवटी टाटांनी अनुदानाचा हट्ट सोडला आणि एप्रिल १९३२ मध्ये करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जूनमध्ये दोराबजी गेले. पहिलं उड्डाण त्यांना पाहता आलं नाही.

या विमानसेवेचा पसारा किती होता? एका इंजिनाची दोन विमानं. जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पूर्णवेळ पायलट एक, आणि मदतीला स्वतः जेआरडी व व्हिन्सेंट. एक अर्धवेळ इंजिनिअर आणि दोन शिकाऊ मेकॅनिक. एखाद्या हौशी क्लबाचा असतो तेवढाच संसार.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पुस मॉथ विमान उचललं. मागे सुमारे २५ किलो टपाल होती. अहमदाबादला उतरून पेट्रोल भरलं. ते बैलगाडीतून आणलेल्या डब्यांमधून आलं होतं. दुपारी विमान जुहूला टेकलं. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासची टपाल व्हिन्सेंट घेऊन गेले. भारतीय विमानसेवेचा जन्म झाला तो हा दिवस.

पावसाळ्यात क्लब कुठे नेणार?

जुहूच्या मैदानाची खरी अडचण पावसाळ्यात कळायची. जून लागला की सगळं पाण्याखाली. कोकणपट्टीत कुठल्याही उघड्या मैदानाचं जे होतं तेच. मग टाटांची विमानं चार महिने पुण्याला जायची. घाटापलीकडे पाऊस कमी आणि जमीन टणक.

एवढं करूनही पहिल्याच वर्षी विमानांनी १ लाख ६० हजार मैल अंतर कापलं, १५५ प्रवासी नेले आणि सुमारे ६० हजार रुपये नफा झाला. टपाल इतकी वेळेवर पोहोचत होती की सरकारच्याच विमान वाहतूक खात्याने या सेवेचं कौतुक केलं.

इथे जेआरडींची क्लबातली सवय कामी आली, असं म्हणता येईल. वैमानिकाला उड्डाणाआधी प्रत्येक खिळा, प्रत्येक तार, पेट्रोलचा प्रत्येक थेंब स्वतः तपासावा लागतो. ही तपासणीची सवय त्यांनी पुढे पूर्ण विमान कंपनीला लावली. एअर इंडियाच्या विमानात प्रवासी म्हणून बसले तरी ते पडद्यांचा रंग, जेवणाची चव, स्वच्छतागृहाची अवस्था यांच्या बारीक नोंदी करायचे आणि संबंधितांना पाठवायचे.

एअर इंडिया आली, हातातून गेली

१९३८ मध्ये वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, रसायनं असा मोठा पसारा आता त्यांच्याकडे आला, पण विमानांवरचं लक्ष कमी झालं नाही. १९४२ मध्ये, ऐन युद्धात, विमानप्रवासात असताना व्हिन्सेंट यांचा मृत्यू झाला. ज्याच्यासोबत सगळं उभं केलं तो साथीदार गेला.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनकडे निघालं आणि भारताची आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली.

पण १९५३ मध्ये सरकारने सर्व विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींचा याला विरोध होता. तरीही सरकारने विनंती केल्यावर ते एअर इंडियाचे अध्यक्ष म्हणून राहिले. स्वतःची कंपनी दुसऱ्याची झाल्यावरही त्यांनी पंचवीस वर्षं तिच्यासाठी पूर्वीसारखंच काम केलं. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केलं. हा घाव त्यांना फार लागला.

७८ व्या वर्षी पुन्हा जुहू

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या टपाल उड्डाणाला बरोबर ५० वर्षं झाली होती. जेआरडींचं वय ७८. त्या दिवशी ते पुन्हा कराचीहून निघाले. विमान होतं पुस मॉथच्याच घराण्यातलं जुनं लेपर्ड मॉथ. अहमदाबादला थांबून ते मुंबईत जुहूलाच उतरले. याआधी १९६२ मध्ये, तिसाव्या वर्षीही त्यांनी हे उड्डाण केलं होतं. पद गेलं होतं, कंपनी गेली होती. विमान चालवणं मात्र कुणी काढून घेऊ शकलं नव्हतं.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.

क्लब आजही आहे, पण धुळ्यात

बॉम्बे फ्लाइंग क्लब बंद पडलेला नाही. जुहूला त्याची जागा आहे. पण मुंबईच्या आकाशात मोठ्या विमानांची गर्दी इतकी वाढली की शिकाऊ वैमानिकांना तिथे मोकळेपणी उडणं अशक्य झालं. त्यामुळे क्लबाचं उड्डाण प्रशिक्षण तीनशेहून अधिक किलोमीटर दूर, धुळ्याच्या विमानतळावर गेलं.

ठाणे जिल्ह्यातल्या मॉडेल विमानांच्या हौशी मंडळींची अडचण याच जातीची आहे. विमान मिळतं, बॅटरी मिळते, मोकळी जागा मिळत नाही. नकाशावर कल्याणजवळ नेवाळीला जुनी धावपट्टी दिसते म्हणून तिथे जाऊन चालत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी घेतलेल्या त्या जमिनीवरून शेतकरी आणि संरक्षण खात्यात वाद आहे आणि जून २०१७ मध्ये तिथे मोठं आंदोलन पेटलं होतं.

नियमही पाहावे लागतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे. वजन २५ किलोपर्यंत, वापर फक्त शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी, आणि विमान सतत डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात उडवायचं. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग दाखवलेले असतात. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. त्याशिवाय पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यांत रिमोटवर चालणाऱ्या छोट्या विमानांचाही समावेश असू शकतो. हे सगळं एकट्या नवशिक्याला माहीत असणं कठीण, पण क्लबातल्या जुन्या माणसाला ते तोंडपाठ असतं.

म्हणून सुरुवात करणाऱ्याने महागडं विमान घेण्याआधी क्लबात दोन-चार रविवार नुसतं बघायला जावं. घरी कॉम्प्युटरवर सिम्युलेटरचा सराव करावा. पावसाळ्याचे चार महिने त्यासाठी उत्तम. पहिलं विमान फोमचं, वरच्या पंखाचं आणि हळू उडणारं घ्यावं. ते पडतं, चिकटवता येतं आणि पुन्हा उडतं. कॉलेजात असाल तर एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकायला मिळतं. आणि क्लबात जाताना पिशवीत दोन जादा प्रोपेलर टाकावेत. आपल्याला लागले नाहीत, तर शेजारच्याला लागतील.